गुंजवण्यात काही नाही म्हणणाऱ्यांना

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याचं नाव निघालं की एक प्रश्न ठरलेला असतो: राजगड सोडला तर तिथं आहे काय? शनिवारी मध्यरात्री पुण्याहून निघून, पहाटे गावात गाडी लावून चोर दरवाजाच्या वाटेला लागणारे हा प्रश्न विचारतात. ते पाहुणे आहेत, त्यांचं मनावर घेऊ नये, असं म्हणता आलं असतं. पण आमच्याच खोऱ्यातली, शिकून कात्रज-धनकवडीला स्थायिक झालेली मुलंसुद्धा हेच विचारतात. मुलीसाठी स्थळ पाहणारे आईबाप, मुलगा गावातच राहतो म्हटल्यावर, हेच विचारतात. या प्रश्नामागे एक अख्खी समजूत उभी आहे. नाटकं, व्याख्यानं, गाण्याच्या मैफिली, मॅरेथॉन, पुस्तक प्रदर्शनं हे सगळं शहरात असतं. म्हणून आपल्या गावाच्या सार्वजनिक जीवनात रमणं हीही शहरातल्याच माणसाला जमणारी गोष्ट आहे. गावचा माणूस राबतो, जेवतो, झोपतो आणि वर्षातून एकदा यात्रा करतो. त्याला छंद नसतात, सवयी असतात. त्याला नागरी जीवन नसतं, भावकी असते.

ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती घातक आहे. ज्या गावात काहीच नाही असं एकदा ठरलं, त्या गावात काय आणायचं हे बाहेरचे लोक ठरवू लागतात. म्हणून हा वाद घालायचा.

आधी ज्यावर वाद नाही ते सांगून टाकतो. पोटासाठी गाव सोडावं लागतं हे खरं आहे. भाताची खाचरं वर्षभर घर चालवत नाहीत. दुखणं मोठं असेल तर पुणं गाठावं लागतं, कॉलेजसाठी नसरापूर, भोर नाही तर पुणं. पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नाही. जुन्या वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, पण नाव बदलल्यानं एसटीच्या फेऱ्या वाढल्या नाहीत. या तक्रारी आमच्या आहेत आणि त्या आम्ही कोणाहून कमी आवाजात करत नाही. वाद आहे तो या तक्रारींवरून काढलेल्या निष्कर्षाशी. रस्ता खराब आहे यावरून गावातली संध्याकाळ रिकामी आहे हे सिद्ध होत नाही.

ती रिकामी दिसते, कारण मोजायचं माप शहराचं आहे. सभागृह हवं, तिकीट हवं, जाहिरात हवी, कार्यक्रमाला सुरुवात आणि शेवट हवा, करणारे मंचावर आणि पाहणारे खुर्चीत हवेत. या मापानं मोजलं तर मावळातल्या कुठल्याच गावात काही सापडणार नाही. आता दुसरीकडून बघा. आमच्याकडच्या गावांत भजनी मंडळ असतं. त्यात पखवाज वाजवणारा दिवसा शेत करतो, दूध घालतो किंवा शिरवळच्या कारखान्यात पाळीला जातो. त्याला कोणी तरी शिकवलेलं असतं, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी शिकवत असतो. बोल आधी तोंडानं म्हणायचे, मग मांडीवर वाजवायचे, मग पखवाजाला हात लावायचा. कणीक कधी आणि किती लावायची, वादी कुठं ताणायची, हे त्यातच येतं. हरिपाठ रोजचा, भजन एकादशीचं, आणि वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. म्हणजे रात्रीचे तीन वाजले तरी कोणी तरी वीणा गळ्यात घालून उभा असला पाहिजे, आणि त्याच्यानंतर कोण हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. पहाऱ्याची यादी लागते. काकड्याला कोण, ज्ञानेश्वरीच्या पारायणाला किती जण बसणार, कोणत्या दिवशी कोणाच्या घरचं अन्नदान, कोणते कीर्तनकार आणि त्यांना आणायला गाडी कोणाची, काल्याच्या दिवशी पंगतीला वाढणारे कोण. हे सगळं पगारी माणसाशिवाय होतं. शेवटी वर्गणी किती जमली आणि खर्च किती झाला हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जातं, आणि न पटलेला खर्च तिथल्या तिथं विचारला जातो. ज्या लोकांना एवढं जमतं त्यांना ‘नागरी जीवन’ नाही, असं म्हणणाऱ्यानं नागरी जीवनाची आपली व्याख्या सांगावी.

रॉबर्ट पुटनम नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं या बाबतीत मोठं काम केलं आहे. १९७० साली इटलीत प्रादेशिक सरकारं स्थापन झाली. सगळ्यांची रचना सारखी, अधिकार सारखे. पुढची वीस वर्षं पुटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की काही प्रदेशांत कारभार चांगला चालला आणि काहींत सपशेल फसला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी कारण शोधलं, ते निव्वळ पैशात किंवा पक्षांत सापडेना. जिथं लोकांच्या गायन मंडळ्या होत्या, फुटबॉलचे क्लब होते, लोक वर्तमानपत्र वाचत होते, तिथं सरकारही नीट चाललं. एकत्र गाणाऱ्यांना एकमेकांवर विसंबायची आणि एकमेकांना जाब विचारायची सवय लागते. त्या निष्कर्षावर विद्वानांनी पुढं बरेच आक्षेप घेतले, पण गायन मंडळीला कारभाराच्या हिशेबात धरायचं, ही गोष्ट त्यानंतर कोणाला हसण्यावारी नेता आली नाही. इटलीतल्या गायन मंडळीचा असा मान होतो आणि मावळातलं भजनी मंडळ मात्र ‘म्हाताऱ्यांचा विरंगुळा’ ठरतं, हा भेद कुठल्या न्यायानं?

यात्रेचंही तेच. यात्रा म्हणजे गोंगाट, तमाशा आणि मटणाचं जेवण, असं वर्णन सुशिक्षित घरांत ऐकू येतं. पण पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या माणसाचं यात्रेशी नातं केवढं घट्ट आहे, हे मुंबईला दर वर्षी कळतं. मुंबईचे डबेवाले बहुतेक करून याच पट्ट्यातले: मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. महादू हवाजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेली ही सेवा पावसापाण्यात खंडत नाही. तिच्या शिस्तीवर जगभर व्याख्यानं झाली. आणि तरी एप्रिलच्या सुमारास ग्रामदैवतांच्या यात्रा आल्या की डबेवाले काही दिवस सरळ सुट्टी घेतात. मुंबईच्या हापिसांनी त्या दिवसांत आपलं जेवण आपण बघावं. एकेक दिवसाची मजुरी ज्यांना महाग आहे अशी माणसं, करमणुकीला शंभर जागा असलेलं शहर सोडून, पालखीला खांदा द्यायला गावी येतात. गावात काही नसतं तर हे कशासाठी? छबिन्यापुढं नाचायला मुंबईत जागा मिळाली असती. पण गावात त्या नाचणाऱ्याला बाकीचे लोक नावानं, बापाच्या नावानं आणि आजोळानं ओळखतात. त्याच्याशिवाय सनईवाल्याचे पैसे कोणी द्यायचे हे ठरत नाही, कुस्त्यांच्या आखाड्यात पंच कोण हे ठरत नाही. प्रेक्षक म्हणून राहणं आणि आपण असावं लागतं म्हणून येणं यांत जो फरक आहे तो डबेवाल्याला कळतो, मग शिकलेल्यांना का कळू नये?

आता शहराच्या संस्कृतीबद्दल. पुण्याचं मोठेपण मला मान्य आहे, आणि ते मनापासून मान्य आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला असो, १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव असो, १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक असो, या गोष्टींनी महाराष्ट्र घडवला. पण त्या शहरात उगवल्या आणि गावानं त्यांच्याकडं फक्त टक लावून पाहावं, ही कल्पना इतिहासाला धरून नाही. ज्यांच्या नावानं महोत्सव चालतो ते सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. भीमसेन जोशी त्यांच्याकडं शिकले ते कुंदगोळातच, गुरूच्या घरी राहून, पाणी भरून. रियाज तिथं झाला आणि मंडप पुण्यात पडला. ढोल-ताशाची गोष्ट तर आमच्या अंगणातली आहे. आज पुण्यात ढोल पथकात जाणं हा शहरी तरुणांचा मोठा छंद आहे, पावसाळ्यात नदीकाठी महिनाभर सराव चालतो. पण शाळा-कॉलेजांची पथकं निघायच्या आधीपासून पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मुळशी, वेल्हे, भोर या भागांतली ढोल-लेझीम पथकं उतरत होती. गावची पोरं डोक्याला फेटे बांधून यायची, दिवसरात्र खेळायची आणि परत जाऊन भात कापायची. शहरानं तो ठेका घेतला, त्याला गणवेश दिला, शिस्त दिली, मुलींना त्यात आणलं. त्यातलं चांगलं ते चांगलंच झालं. पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच ‘तुमच्याकडं करण्यासारखं काही नाही’ म्हणणं, हे मला सहन होत नाही.

सार्वजनिक कारभाराच्या बाबतीत तर उलटाच प्रश्न विचारायची वेळ आली आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनं २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या राज्यात ग्रामपंचायत कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात; २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. गावचा कोणीही मतदार तिथं उभा राहून विचारू शकतो की नळाच्या कामाचं बिल निघालं, पण पाणी वरच्या आळीला का चढत नाही. सरपंचाला त्याच्या तोंडावर उत्तर द्यावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं त्याला दुधाची किटली घेऊन जायचं असतं. पुण्यात राहणाऱ्या मित्रांना मी विचारतो, असं उभं राहून प्रश्न विचारायची तुमची जागा कोणती? शहरांसाठीच्या ७४व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समित्या आहेत, पण सगळ्या मतदारांची सभा नाही. आणि निवडून दिलेले नगरसेवक? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६मध्ये. लाखो माणसांच्या शहराला इतकी वर्षं एकही नगरसेवक नव्हता आणि व्याख्यानं, महोत्सव, मॅरेथॉन सगळं नीट चालू होतं. करमणूक भरपूर असणं आणि नागरिक म्हणून जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही.

त्यातही सगळ्यात मोठा अन्याय झाला तो शहरात ओढल्या गेलेल्या गावांवर. जून २०२१मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. कात्रजजवळची जांभूळवाडी-कोळेवाडी, सिंहगड रस्त्यावरची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. समाविष्ट झाल्या दिवशी त्यांची ग्रामपंचायत गेली आणि ग्रामसभा गेली. नऊ महिन्यांत महापालिकेचीही मुदत संपली. काल चावडीवर सरपंचाला अडवणारा माणूस आज अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात उभा राहिला. त्याला मॉल मिळाला असेल. पण आपल्या गावात काय चाललंय हे विचारायची जी जागा होती, ती त्याच्या हातून गेली. पुण्याच्या जवळ राहणाऱ्या प्रत्येक गावानं हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं, गुंजवण्यानंही.

मी ग्रामसभेचे गोडवे गाणारं चित्र रंगवत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या लागते, आणि तेवढीही माणसं पुष्कळदा जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ज्यांना गाव आपल्या मुठीत ठेवायचं आहे त्यांना ही पळवाट चांगली ठाऊक असते. पण याचा दोष ‘गावात काही नाही’ या समजुतीकडंही जातो. जिथं काही नाही तिथल्या सभेला जाऊन काय करायचं, असं तरुण म्हणतो आणि सभेच्या दिवशी मोबाईल बघत बसतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं याचं उत्तर कधीच दिलेलं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं त्या गोंड गावानं अभ्यास गट चालवले. माणसं संध्याकाळी बसायची आणि एकेक विषय घेऊन बोलायची: जंगल, कायदा, दारू, मध काढायची पद्धत. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलायचं. २००९मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना हातात आला. तो अभ्यास गट हा छंद होता की कारभार? मेंढ्याच्या माणसाला हा प्रश्न पडला नसता, कारण त्याच्या लेखी संध्याकाळी एकत्र बसणं आणि गाव चालवणं यांत भिंत नव्हती.

दुसरा आक्षेप थोडा सभ्य आहे, म्हणून जास्त फसवा आहे. आधी रस्ता, पाणी, दवाखाना होऊ द्या. छंद, खेळ, वाचनालय या पोट भरल्यानंतरच्या गोष्टी आहेत. हे म्हणणारे गरिबांच्या बाजूनं बोलत असल्यासारखे वाटतात. पण गरीब माणसानं आनंदाची वाट पाहायची, हा त्यातला छुपा नियम आहे. आमच्या बायकांनी भातलावणीत गुडघाभर चिखलात उभं राहून गाणी रचली ती पोट भरल्यावर नव्हे. एकमेकांच्या खाचरात इर्जिक घालून काम करताना थट्टा, गाणी आणि शेवटी मिळून जेवण, हे कामाच्या आतच होतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती कुस्ती सुरू झाली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या तालमीत, आणि त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. त्या लोकांनी आधी रस्ता होऊ द्या म्हणून थांबायचं ठरवलं असतं, तर ते अजून थांबले असते.

पैशाचीही सबब टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीकडं येत होता. त्यातला ६० टक्के स्वच्छता आणि पाण्यासाठी बांधलेला, बाकीचा ४० टक्के अबंधित, म्हणजे गावानं आपली गरज पाहून खर्चायचा. ‘आमचं गाव आमचा विकास’ या आराखड्यात त्याचं नियोजन लिहावं लागतं. आमच्या भागातल्या आराखड्यांत सिमेंटचे रस्ते, गटारं, कमानी आणि पेव्हर ब्लॉक यांची रांग असते. मुलींना कबड्डी खेळायला सपाट केलेलं मैदान किंवा पखवाज शिकवणाऱ्याला मानधन असलं काही त्यात कितीदा येतं? गाव मागत नाही, कारण ही मागायची गोष्ट आहे असं गावाला कोणी वाटूच दिलेलं नाही.

आता राजगडाकडं येतो. हा गड २५ वर्षांच्या आसपास स्वराज्याची राजधानी होता. सईबाईंचा मृत्यू १६५९मध्ये इथं झाला, १६६६मध्ये आग्र्याहून सुटून महाराज परत आले ते इथं, राजाराम महाराजांचा जन्म १६७०मध्ये इथला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यांत राजगड आहे. याचा आनंद पुण्याला झाला तसा गुंजवण्यालाही झाला. प्रश्न त्यानंतरचा आहे. बोलणं चालतं ते वाहनतळाचं, स्वच्छतागृहांचं, रेलिंगचं, हॉटेलांचं. काही वर्षांपूर्वी रोपवेचा बेत पुढं आला, तेव्हा सरकार बोललं, पुण्याचे गिर्यारोहक तळमळीनं विरोधात बोलले, वर्तमानपत्रं दोन्हीकडून बोलली. पायथ्याच्या ग्रामसभांचं मत काय, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात किती जणांनी विचारला? मला स्वतःला रोपवे नको आहे. संजीवनी आणि सुवेळा माच्यांचं जे शांत रूप आहे ते गर्दीला उचलून वर नेल्यानं राहणार नाही. पण माझं मत बरोबर आहे म्हणून गावाला न विचारणं बरोबर होत नाही.

डोंगर चढणं हा पुण्याचा छंद आहे, आणि मी तो थोर छंद मानतो. १९८२ साली स्थापन झालेल्या गिरिप्रेमी संस्थेनं २०१२मध्ये एव्हरेस्टवर नागरी मोहीम यशस्वी केली. अशा संस्थांतली माणसं आधी सह्याद्रीच्या कड्यांवरच तयार झाली. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर एवढ्या प्रेमानं लिहिलं की घरोघरची मुलं डोंगर चढू लागली. पण या छंदाला जी माणसं पायथ्याशी आधार देतात, त्यांचा छंद कोणी विचारत नाही. गडावर डोक्यावरून ताकाचे हंडे नेणारी बाई, अंधारात वाट चुकलेल्या पोरांना बॅटरी घेऊन शोधायला निघणारा गावकरी, पिठलं-भाकरी करून देणारं घर, यांना ‘स्थानिक’ एवढंच नाव आहे. त्या बाईला गडाची प्रत्येक पायवाट ठाऊक असते, कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं ते ठाऊक असतं, करवंद कधी पिकतं आणि कुठल्या कातळावर पावसात पाय ठेवायचा नाही ते ठाऊक असतं. शहरातल्या माणसाला एवढं ठाऊक असतं तर त्याला दुर्गअभ्यासक म्हटलं असतं आणि व्याख्यानाला बोलावलं असतं. तिला ताकाचे पैसे देऊन आपण पुढं जातो.

विरोधकांचा एक मुद्दा असा आहे की तो खरा आहे, आणि त्याला बगल देणं मला शोभणार नाही. गावचं सार्वजनिक जीवन सगळ्यांचं नव्हतं. पालखीला खांदा कोणी द्यायचा, पंगतीत कोण कुठं बसायचं, पाणी कुठल्या विहिरीचं, हे जातीनं ठरत होतं. १९७२ साली बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळ सुरू केली ती उगाच नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून त्यांनी विचारलं की पिण्याच्या पाण्यावर तुमचा हा पहारा का. शहरात जाऊन मोकळा श्वास घेणारा माणूस जेव्हा म्हणतो की त्याला गावची यात्रा नको, तेव्हा त्याला ‘गावाची ओढ नाही’ असं सुनावण्याचा हक्क कोणालाही नाही. बायकांचंही तसंच. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या, नियमित ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, तरी पुष्कळ ठिकाणी बाई सही करते आणि नवरा बोलतो. पंचमीचे झोके आणि गौरीपुढचा झिम्मा एवढ्यावर तिची हौस भागली असं धरलं जातं.

पण यातून निघणारा निष्कर्ष गाव सोडून द्या असा नाही. बाबा आढाव पुण्याचे होते, आणि गावात काही नाही म्हणून त्यांनी गावाकडं पाठ फिरवली नाही. पाणवठा ही सार्वजनिक जागा आहे आणि तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे, हे त्यांनी धरून ठेवलं. गाव रिकामं असतं तर भांडायला तरी काय उरलं असतं? ज्या गोष्टीतून माणसाला वगळलं जातं ती मोलाची असते म्हणूनच वगळणं बोचतं. मुलीला तालमीत, पखवाजावर, ग्रामसभेच्या पहिल्या रांगेत आणि यात्रा कमिटीत जागा मिळवून देणं, हे काम गावातच राहून करायचं आहे. शहरातल्या ढोल पथकांनी मुलींना आणलं. त्या ठेक्याच्या मूळ गावांनी मागं राहण्याचं कारण नाही.

काही जण मध्यममार्ग सुचवतात: पर्यटन वाढू द्या, त्यातून पैसा येईल, मग गावात सगळं होईल. पैसा येतो हे मला दिसतं. पण तो फार्महाऊसच्या कुंपणात आणि गाड्यांच्या रांगेतही जातो, आणि आपोआप वाचनालय होत नाही. पांचगणीजवळच्या भिलारला मे २०१७मध्ये पुस्तकांचं गाव सुरू झालं ते लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या म्हणून. पाहुणे वाचायला येतात हे ठीकच, पण त्या घरातली मुलं रोज पुस्तकांत वाढतात हा मोठा लाभ आहे. सिंहगडावर गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतलं जातं, तसं राजगडाच्या पायथ्याला घेतलं तर त्यातला ठरावीक वाटा गावच्या मुलांच्या मैदानाला आणि पुस्तकांना जावा, हे आधी लिहून घ्यायला हवं. नंतर मागितलं तर मिळत नाही.

म्हणून मागण्या साध्या शब्दांत मांडतो. पुण्याहून संध्याकाळी उशिरा सुटणारी आणि मुक्कामाला गावात येणारी एसटी हवी, म्हणजे नोकरीला जाणारा पोरगा हरिपाठाला परत येऊ शकेल आणि पुण्यातलं नाटक पाहून मुलगीही घरी पोहोचेल. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ‘ड’ वर्गाचं का होईना, मान्यता आणि अनुदान असलेलं वाचनालय हवं, आणि ते संध्याकाळी उघडं हवं. शाळेचं मैदान सुट्टीत कुलपाबाहेर हवं. सप्ताहाच्या मंडपाखेरीज बसायला, तालीम करायला, पाऊस चालू असताना खेळायला एक छप्पर हवं. गडाच्या व्यवस्थापनाची जी समिती असेल तिच्यात पायथ्याच्या गावांची माणसं मत देण्याच्या अधिकारानं हवीत, निमंत्रित म्हणून नव्हे. राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, त्यामुळं हे दिल्लीला विचारायचंही कारण नाही.

पुण्यात गेलेल्या आमच्या मुलांकडं एकच मागणं आहे. यात्रेला येता तसं १ मेच्या ग्रामसभेला या. ज्यांचं मतदार यादीतलं नाव अजून गावात आहे त्यांनी सभेत बोलावं, ज्यांचं गेलं त्यांनी मागं बसून ऐकावं. वरचे विषय लेखी स्वरूपात सभेच्या आधी ग्रामपंचायतीकडं द्यावे लागतील, म्हणजे ते अजेंड्यावर येतील. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी असते. मैदानाचा विषय तिथून आला तर उत्तम, कारण कबड्डीचं मैदान पोरींना हवं आहे आणि ते त्यांच्या आयांनी मागावं. सभा तहकूब होऊ द्यायची नाही, एवढी माणसं त्या सकाळी चावडीवर असली पाहिजेत.